ग्रँड ज्युरीचा वर्ग: पाच रविवार आणि अकराव्या पानावरचा एक शब्द

‘इंडिक्टमेंट म्हणजे दोषसिद्धी’ असं वर्गाच्या नोट्सच्या अकराव्या पानावर छापलेलं दिसलं आणि मी तिथंच खिशातलं पेन काढून ‘दोषसिद्धी’ खोडलं, वर ‘दोषारोप’ लिहिलं. शेजारी बसलेल्या ज्युनिअर वकील ताईंनी विचारलं, “काका, नोट्सवर का लिहिताय?” म्हटलं, ताई, या एका शब्दापायी माणसं गावातून उठलेली बघितली आहेत मी.

आधी वर्गाबद्दल सांगतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून चालत पाच मिनिटांवरच्या एका हॉलमध्ये, जानेवारी-फेब्रुवारीतले पाच रविवार हा वर्ग झाला. विषय अमेरिकेचा फौजदारी कायदा, त्यातही मुख्यतः ग्रँड ज्युरी, म्हणजे कुणावर खटला भरायचा का हे बंद दाराआड ठरवणारा साध्या नागरिकांचा गट. शिकवणं मराठीतून. फी १,८०० रुपये, त्यात नोट्स आणि मधल्या सुट्टीतला चहा. सकाळी दहा ते साडेबारा. शिकवणारे सर कायद्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांचं आणि वर्गाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत आणि त्या मी आयोजकांना समोरासमोर सांगितल्या आहेत. ज्यांना जायचं आहे त्यांना पेठेत विचारलं तरी कळेल.

मी गेलो ते लेकीमुळं. जिल्ह्यातल्या कोर्टांत बेंच क्लार्क म्हणून माझी ३१ वर्षं गेली. निवृत्तीनंतर कायद्याचं पुस्तक परत उघडायचं नाही असं ठरवलं होतं. पण लेक न्यू जर्सीत आहे, तिथली नागरिक झाली, आणि मागच्या पावसाळ्यात तिला काउंटीच्या ग्रँड ज्युरीचं समन्स आलं. आठवड्यातून एक दिवस कामावरून रजा काढून कोर्टात बसायचं. मी व्हिडिओ कॉलवर सहज विचारलं, आज काय केस होती गं? ती म्हणाली, “बाबा, ते विचारू नका. शपथ घेतलीय.” मी तसा दुखावलोच. जन्मभर रोजनामे लिहिलेला बाप, आणि लेक म्हणते विचारू नका. आमच्याकडे कोर्ट म्हणजे उघडं दार. पट्टेवाला पुकारा करतो तो थेट झाडाखालच्या चहावाल्यालाही ऐकू जातो. बंद दाराआडचं कोर्ट ही काय चीज आहे, ते समजून घ्यायला मी पैसे भरले.

वर्गात २४ जणांनी नाव घातलं होतं. निम्मे तरुण वकील. ऑगस्ट २०२५ मध्ये इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून या पोरांच्यात वाचायची एक वेगळीच हौस आली आहे, ती वर्गात दिसत होती. दोन पत्रकार होते, एक निवृत्त फौजदार, तीन-चार माझ्यासारखे आईबाप ज्यांची मुलं तिकडं आहेत.

पहिल्या रविवारी सरांनी ‘ग्रँड’चा अर्थ सांगितला आणि तिथंच मला ते आवडले. म्हणाले, ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नाही, नुसतं मोठी. कोल्हापूरकरांना सांगायला नको, थोरली पाती आणि धाकटी पाती. धाकटी म्हणजे आपल्याला ऐकून माहीत असलेली १२ जणांची ज्युरी, जी खटला ऐकून दोषी की निर्दोष ते सांगते. थोरली म्हणजे १६ ते २३ जणांची, जी खटल्याच्या आधी बसते आणि एवढंच ठरवते की या माणसावर खटला भरण्याइतपत कारण आहे का. केंद्रीय कोर्टात १६ जण हजर असल्याशिवाय काम चालत नाही आणि किमान १२ जणांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय आरोप ठेवता येत नाही. न्यू जर्सीत २३ जण, आणि तिथंही १२ मतं. हा आकडा मी वहीत दोनदा लिहिला.

इतिहास त्यांनी तासाभरात आटोपला, तेवढा पुरे होता. ११६६ साली इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजानं क्लॅरेंडनला फर्मान काढलं की प्रत्येक भागातल्या बारा माणसांनी शपथेवर सांगावं, आपल्यात चोर-दरोडेखोर कोण आहेत. म्हणजे सुरुवातीला ही राजाच्याच हातातली काठी. पुढं पाचशे वर्षांनी तीच काठी लोकांच्या हातात ढाल झाली. १६८१ मध्ये लंडनच्या ग्रँड ज्युरीनं शाफ्ट्सबरीच्या अर्लवर, म्हणजे एका सरदारावर, राजद्रोहाचा आरोप ठेवायला नकार दिला, राजाची मर्जी असूनही. मग न्यूयॉर्कचा छापखानेवाला जॉन पीटर झेंगर. गव्हर्नरवर टीका छापली म्हणून १७३४ मध्ये त्याला धरलं, पण ग्रँड ज्युरी काही केल्या आरोप ठेवेना. शेवटी सरकारी वकिलानं ज्युरीला वळसा घालून स्वतःच्या सहीनं खटला भरला, आणि १७३५ मध्ये धाकट्या ज्युरीनं झेंगरला सोडून दिलं. पत्रकार मंडळींनी इथं टाळ्या वाजवल्या. म्हणून १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीत ओळ आली की गंभीर गुन्ह्यासाठी ग्रँड ज्युरीच्या आरोपाशिवाय कुणालाही जाब द्यायला उभं करता येणार नाही. सैन्याचे खटले वगळून. इंग्लंडनं स्वतः १९३३ मध्ये ही पद्धत बंद केली, अमेरिकेनं ठेवली. आपल्या मुंबईतही कंपनी सरकारच्या काळात सुप्रीम कोर्टात ग्रँड ज्युरी बसायची, हे मला ३१ वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं.

दुसरा रविवार खोलीच्या आत काय चालतं याचा. हा भाग सरांनी फार बारकाईनं घेतला. आत न्यायाधीश नसतो. आरोपी नसतो. आरोपीचा वकील नसतो. असतात ज्युरीतली माणसं, सरकारी वकील, एका वेळी एक साक्षीदार, टिपून घेणारा रिपोर्टर, लागला तर दुभाषा. मत द्यायच्या वेळी सरकारी वकिलालाही बाहेर जावं लागतं. साक्षीदाराला स्वतःचा वकील आत नेता येत नाही; वकील व्हरांड्यात बाकावर बसतो आणि साक्षीदार अडला की उठून बाहेर येऊन त्याला विचारून परत आत जातो. हे केंद्रीय कोर्टाचं. राज्याराज्यांत फरक आहे. आणि सगळ्या राज्यांना ग्रँड ज्युरी सक्तीची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १८८४ मध्येच हुर्ताडो खटल्यात सांगून टाकलंय. निम्म्याच्या आसपास राज्यांत ती गंभीर गुन्ह्याला लागतेच, बाकीच्यांत सरकारी वकील न्यायाधीशापुढं प्राथमिक सुनावणी घेऊन काम भागवतो. या राज्याराज्यांच्या फरकाला मात्र सरांनी दहा मिनिटं दिली. ते कमी पडलं. ज्यांची मुलं टेक्ससला, कॅलिफोर्नियाला आहेत त्यांचे प्रश्न तसेच राहिले.

गुप्ततेचं कारण मला तिथं कळलं. ज्याच्यावर आरोप ठेवायचा नाही असं ठरलं, त्याचं नाव बाहेर फुटू नये. साक्षीदारावर कुणी दबाव आणू नये. ज्याच्यावर आरोप येणार आहे तो पळून जाऊ नये. आणि ज्युरीतल्या माणसाला शेजाऱ्याच्या रागाची भीती न बाळगता मत देता यावं. तोंड बंद ठेवायचं बंधन ज्युरीवर, सरकारी वकिलावर, रिपोर्टरवर. केंद्रीय नियमात साक्षीदारावर मात्र नाही, तो बाहेर येऊन आपण काय सांगितलं ते सांगू शकतो. पहिलं कारण ऐकताना मी लेकीवरचा राग सोडला. त्या रात्री फोनवर मी तिला फक्त जेवलीस का एवढंच विचारलं. ती हसली, म्हणाली, “बाबा, आज केस विचारली नाहीत?”

आता तिसरा रविवार. या एका सकाळसाठी १,८०० रुपये दिले असते तरी मला चाललं असतं.

सरांनी हॉलची दारं-खिडक्या लावून घेतल्या. पंखा बंद केला, म्हणजे प्रत्येकाचं प्रत्येकाला ऐकू यावं. त्या दिवशी १९ जण आले होते. त्यातले निवृत्त फौजदार साक्षीदार झाले, उरलेले आम्ही १८ ग्रँड ज्युरी. सर सरकारी वकील. प्रकरण रचलेलं: एका पतसंस्थेच्या कॅशियरनं खोट्या व्हाउचरवर ४ लाख १० हजार उचलले. फौजदारांनी साक्ष दिली. मॅनेजरनं मला असं सांगितलं, लिपिकानं मला तसं सांगितलं. व्हाउचरच्या झेरॉक्स फिरवल्या. वकील ताईंनी विचारलं, “मॅनेजर स्वतः का आले नाहीत? ही तर ऐकीव साक्ष आहे.” सर म्हणाले, इथं चालते, १९५६ च्या कॉस्टेलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नुसत्या ऐकीव पुराव्यावर ठेवलेला आरोपही टिकतो. कुणी विचारलं, व्हाउचर बेकायदा झडती घेऊन मिळवलेली असतील तर? ते म्हणाले, तीही इथं चालतात, १९७४ चा कॅलांड्रा खटला बघा. खटल्यात वगळली जातील तो पुढचा प्रश्न. पाऊण तासात सगळं संपलं. सर आणि फौजदार बाहेर जाऊन जिन्यात उभे राहिले. आम्ही आत हात वर केले. १४ विरुद्ध ४. चौदांत माझा हात होता.

सर आत आले, आकडा ऐकला, आणि फाईलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. हजेरीपत्रक. ज्या तीन तारखांची व्हाउचरं होती, त्या तिन्ही दिवशी कॅशियर रजेवर होता.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. ताई उभ्याच राहिल्या, “सर, हे आधी का दाखवलं नाही?” सर शांतपणे म्हणाले, “कारण मला दाखवायला कायद्यानं बांधलेलं नाही. १९९२, विल्यम्स खटला. आरोपीच्या बाजूचा पुरावा ग्रँड ज्युरीपुढं ठेवलाच पाहिजे असं केंद्रीय कोर्ट सरकारी वकिलाला सांगू शकत नाही, पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं.” मग पुढं सांगितलं की अमेरिकेच्या न्याय खात्याचे स्वतःचे नियम मात्र सांगतात की असा ठोस पुरावा हाती असेल तर तो ज्युरीला दाखवा. पण तो खात्याचा नियम झाला. मोडला म्हणून आरोप रद्द होत नाही.

मी खाली बसून राहिलो. हात वर करताना मला काहीच वाटलं नव्हतं. समोर माणूस नव्हता ना. आमच्या कोर्टात आरोप निश्चित करताना माणूस पिंजऱ्यात उभा असतो, त्याचा वकील बोलतो, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २२७ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २५०, त्याखाली सोडून द्या म्हणून अर्ज करता येतो, नाकारला तर हुकमात कारण लिहिलेलं असतं. आरोप मी टाइप करायचो, साहेब मराठीत समजावून सांगायचे, ‘गुन्हा कबूल आहे काय?’ विचारायचे, आणि त्या माणसाच्या कपाळावरचा घाम मला माझ्या खुर्चीतून दिसायचा. त्या रविवारी कॅशियर कुठंच दिसला नाही, नुसती झेरॉक्स दिसली.

मी हात वर करून सरांना विचारलं, माझी लेक न्यू जर्सीत बसते, तिथंही असंच का? सर म्हणाले, आत्ता सांगता येणार नाही, बघून सांगतो. हा माणूस खरा शिक्षक. पुढच्या वेळी येताना कागद घेऊन आले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये होगन खटल्यात ठरवलंय की जो पुरावा गुन्हा थेट खोडून काढतो आणि आरोपीला स्पष्टपणे निर्दोष दाखवतो, तो सरकारी वकिलानं ग्रँड ज्युरीला दाखवलाच पाहिजे. म्हणजे आमचं हजेरीपत्रक तिकडं टेबलावर आलं असतं. एवढं ऐकून मला जे बरं वाटलं ते काय सांगू.

चौथा रविवार झालाच नाही. कळवलंही नाही. इचलकरंजीहून एसटीनं आलेली दोन मुलं कुलूप बघून परत गेली, गळीत हंगाम सुरू, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं तासभर अडकून आली होती ती. पुढच्या आठवड्यात जादा वर्ग घेऊन भरपाई केली हे खरं, पण एक मेसेज टाकायला काय लागतं? हे मी आयोजकांना बोललो.

त्या भरपाईच्या वर्गात मग अलीकडच्या गोष्टी झाल्या. वॉटरगेटच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतली घरफोडी दडपल्याच्या प्रकरणात, ग्रँड ज्युरीनं १ मार्च १९७४ ला निक्सनच्या सात माणसांवर आरोप ठेवले आणि खुद्द राष्ट्राध्यक्षाचं नाव आरोप न ठेवलेला कटातला साथीदार म्हणून गुप्तपणे नोंदवलं. २०२० मध्ये केंटकीत पोलिसांच्या गोळीनं मेलेल्या ब्रेओना टेलर या तरुणीच्या प्रकरणात ज्युरीतलाच एक जण नंतर कोर्टात गेला आणि म्हणाला, मला बोलू द्या. न्यायाधीशांनी परवानगी दिली. मग त्यानं सांगितलं, मनुष्यवधाचा आरोप ठेवायचा का, हे आमच्यापुढं कधी मांडलंच नाही. न्यायाधीशांनी परवानगी दिली. हे ऐकताना हॉलमध्ये कुणी हललं नाही. आदल्याच वर्गात आमच्यापासूनही कागद लपवला होता ना. मग आकडा आला: २०१० च्या वर्षात सुमारे १,६२,००० केंद्रीय प्रकरणांत ग्रँड ज्युरीनं आरोप नाकारला तो फक्त ११ वेळा. निवृत्त फौजदार म्हणाले, मग ही चाळण कसली? त्यावर सरांनी ऑगस्ट २०२५ ची वॉशिंग्टनची गोष्ट सांगितली. एका माणसानं केंद्रीय अधिकाऱ्याच्या अंगावर सँडविच फेकलं, सरकारनं गंभीर गुन्हा लावायला बघितला, ग्रँड ज्युरीनं नकार दिला. मग किरकोळ गुन्ह्याचा खटला भरला, तो ग्रँड ज्युरीशिवाय भरता येतो. नोव्हेंबरमध्ये धाकट्या ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. माझं मत सांगतो. नाही म्हणता येतं एवढी ताकद जरी त्या खोलीत शिल्लक असली तरी ती खोली असावी. पण आत बसणाऱ्याला विचारायला शिकवलं पाहिजे, की अजून कुठला कागद आहे का?

पत्रकारांसाठी एक वेगळा तास झाला. १९७२ च्या ब्रान्झबर्ग खटल्यापासून बातमीदाराला सूत्राचं नाव सांगायला ग्रँड ज्युरीपुढं नकार देण्याचा घटनेनं दिलेला हक्क नाही, आणि २००५ मध्ये ज्युडिथ मिलर त्यापायी ८५ दिवस तुरुंगात राहिल्या, हे सरांनी चांगलं समजावलं. मला त्यात फारसा रस नव्हता, त्यांना होता.

आता परत अकराव्या पानाकडं. नोट्सची ४० पानं. कागद चांगला, अक्षर बारीक, साठीच्या माणसाला भिंग लागावं इतकं. ते सोसलं. पण इंडिक्टमेंटला ‘दोषसिद्धी’? दोषसिद्धी म्हणजे कन्व्हिक्शन, गुन्हा शाबीत झाला. ग्रँड ज्युरीनं आरोप ठेवला म्हणजे गुन्हा शाबीत झालेला नसतो, तिथून तर खटला सुरू होतो. सरांनी तोंडी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं, पण नोट्स दुसऱ्या कुणी तरी भाषांतरित केल्या होत्या आणि तपासल्या नव्हत्या. बातम्यांतही हेच होतं, ‘ग्रँड ज्युरीनं दोषी ठरवलं’ असं बिनदिक्कत सांगतात आणि चहाच्या गाड्यावर निकाल लागतो.

नोकरीत असताना करवीर तालुक्यातला एक शेतकरी माझ्यासमोर निर्दोष सुटला. चार्जशीट आल्या महिन्यात त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. निकालाची नक्कल घेताना त्यानं मला विचारलं, “साहेब, हा कागद गावात कुठं चिकटवू?” मला उत्तर देता आलं नाही. तो माणूस डोळ्यासमोर असताना मी तो शब्द तसाच कसा सोडू?

शेवटच्या रविवारी मी ते पान घेऊन सरांकडं गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, माझं पेन मागितलं, स्वतःच्या प्रतीवर दुरुस्ती केली आणि सगळ्यांना पान काढायला लावलं. चोवीस पेनांचा आवाज झाला. आयोजकांनी नवीन छपाईत बदलू म्हणून सांगितलंय.

तर वर्ग घ्यावा का? ज्यांची मुलं तिकडं नागरिक झाली आहेत त्यांनी जरूर घ्यावा, कधी ना कधी ते समन्स घरात येणार आहे. ज्युनिअर वकिलांनी निदान तिसऱ्या रविवारसाठी यावं. नुसता व्हिसा आणि ग्रीन कार्डचा कायदा हवा असेल तर हा वर्ग त्यासाठी नाही. जिना चढा आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन करावा, खाली खुर्ची टाकून देतात. बसायला पुढची डावी रांग धरा, मागं रस्त्यावरच्या हॉर्नमुळं काही ऐकू येत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. पुढची तुकडी पाडव्यानंतर आहे. नोट्स हातात आल्या की आधी अकरावं पान उघडा, जुनंच असेल तर बदलून मागा.